धातू ओळखीचा, शब्द नवा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या टेबलावर एक पुस्तक वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे : नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. अमेरिकेत ते १९४९ साली निघाले. आपल्याकडे आज ते मोठ्या दुकानात मिळते आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातही मिळते. त्याची पद्धत थोडक्यात अशी : शब्द अकारविल्हे पाठ करायचे नाहीत. एका विषयाभोवतीचे शब्द एकत्र घ्यायचे, त्यांचे तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यांच्या आधाराने पुढचे शब्द उलगडायचे. सुरुवातीलाच इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट आणि अँबिव्हर्ट शेजारी शेजारी येतात. तिघांतला ‘व्हर्ट’ म्हणजे वळणे. एक आत वळलेला, एक बाहेर वळलेला, एक दोन्हीकडे वळणारा. एकदा हे कळले की डायव्हर्ट, रिव्हर्ट, इन्व्हर्ट हे शब्दही परके राहत नाहीत.

उपसर्ग आणि धातू यांच्या वाटेने इंग्रजीचा वरच्या पायरीचा शब्दसंग्रह कमवायचा ही कल्पना लुईस यांच्या आधीही होती आणि नंतर तिच्यावर पुष्कळ संशोधन झाले. ही वाट कुठवर जाते, कुठे फसवते आणि मराठी मुलाने तिच्यावरून कसे चालावे, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे तिचा क्रम उलटा लावला जातो. आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलाकडे या बाबतीत जे घरचे भांडवल आहे, त्याला कोणी हातच लावत नाही.

ही पद्धत इंग्रजीला लागू पडते याचे कारण इतिहासात आहे. इंग्रजी मुळात जर्मन कुळातली. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कितीतरी पिढ्या दरबाराची आणि कोर्टकचेऱ्यांची भाषा फ्रेंच राहिली. प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द थेट उचलले, लागले तसे नवे घडवले. आज इंग्रजी कोशातले निम्म्याहून अधिक शब्द या बाहेरच्या वंशांचे आहेत. म्हणून एकाच क्रियेला तीन थरांचे तीन शब्द सापडतात. ‘आस्क’ हा घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमार्गे आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून घेतलेला. पहिला घरात चालतो, तिसरा पोलीस चौकीत. आपल्या पाणी आणि जल या जोडीत असेच अंतर आहे. ज्याला आपण अवघड इंग्रजी म्हणतो, ते बहुतेक या वरच्या थरातले असते आणि तुकडे पडतात तेही याच थराचे. गेट, टेक, पुट, रन हे रोजचे शब्द आणि त्यांच्यापासून होणारे वाक्प्रचार या पद्धतीला दाद देत नाहीत.

एक धातू जवळून पाहू. ॲडमिशन, परमिशन, कमिशन, सबमिशन हे शब्द आता मराठीच झाले आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलाला सबमिशन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. या सगळ्यांत लॅटिनमधला एकच धातू आहे, अर्थ पाठवणे किंवा सोडणे. ॲडमिशन म्हणजे आत सोडणे, ट्रान्समिशन म्हणजे पलीकडे पाठवणे, कमिशन म्हणजे काम सोपवून पाठवणे. सबमिशनमध्ये ‘खाली’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे. म्हणून सरांपुढे फाइल ठेवणे हेही सबमिशन आणि शत्रूपुढे मान तुकवणे हेही सबमिशन. इतके हाताशी आले की पुढचे शब्द घ्यावेत. रेमिटन्स म्हणजे परत पाठवलेला पैसा, जो आखातातून कोकणातल्या घरी येतो. इमिसरी म्हणजे बाहेर पाठवलेला दूत. इंटरमिटंट म्हणजे मध्येच सोडून पुन्हा सुरू होणारा, उघडझाप करणाऱ्या पावसासारखा. रेमिटमध्ये सैल सोडण्याचाही अर्थ आहे, तेव्हा अनरेमिटिंग म्हणजे सैल न पडणारा, अखंड. यादीतून पाठ केलेला ‘अनरेमिटिंग’ परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी निघून जातो. ॲडमिशनच्या बोटाला धरून आलेला टिकतो.

मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स ब्राऊन यांनी चाळिशीच्या दशकात हीच गोष्ट आकड्यांत मांडली. त्यांनी १४ शब्द निवडले, त्यांत २० उपसर्ग आणि १४ धातू येतात. त्यांचा दावा असा की हे तुकडे साध्या कोशातल्या १४ हजारांहून अधिक आणि मोठ्या कोशातल्या सुमारे १ लाख शब्दांत सापडतात. वरचा इंटरमिटंट त्या १४ शब्दांपैकी एक. जाहिरातीत शोभावा असा हा आकडा आहे आणि पुढे शब्दसंग्रहाच्या पुस्तकांतून तो फार फिरला. पण तुकडा शब्दात सापडणे आणि त्या तुकड्यावरून अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राऊन यांची मोजणी पहिल्या गोष्टीची आहे.

माझ्या लेखी त्याहून उपयोगाची मोजणी १९८९ सालची. टॉमस व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तिसरी ते नववीच्या शालेय वाचनातले उपसर्गयुक्त शब्द तपासले. पहिल्या २० उपसर्गांत असे ९७ टक्के शब्द सामावले. त्यातही अन, रि, नकारार्थी इन आणि डिस या चौघांनीच ५८ टक्के शब्द व्यापले होते, एकट्या ‘अन’ने २६ टक्के. शिक्षकाला यातून सरळ क्रम मिळतो : हे चार उपसर्ग आधी, मग उरलेले सोळा. बाजारातल्या पुस्तकांत मात्र दीड-दोनशे उपसर्गांची यादी अक्षरक्रमाने छापलेली असते आणि ‘अन’ तिच्यात शेवटच्या पानावर येतो.

शिकवून फायदा होतो का, हा पुढचा प्रश्न. पीटर बॉवर्स, जॉन कर्बी आणि हेलेन डीकन यांनी २०१० साली २२ अभ्यास एकत्र तपासले. शब्दांची घडण शिकवल्याने मुलांना फायदा होतो आणि वाचनात मागे असलेल्या मुलांना तो जास्त होतो, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ही पद्धत हुशार मुलांची चैन आहे, असा आपल्याकडे समज आहे. वर्गात पहिल्या बाकावरच्या चार मुलांना धातू सांगायचे आणि बाकीच्यांना गाइडमधले समानार्थी शब्द पाठ करायला लावायचे, हे त्या समजातूनच घडते.

नॉर्बर्ट श्मिट आणि शेरिल झिमरमन यांनी २००२ साली परभाषक विद्यार्थ्यांबद्दल एक इशारा दिला. शब्दाचे एक रूप येत असले म्हणजे त्याचे नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशी सगळी रूपे येतातच असे नाही. आपल्या मुलांच्या निबंधात हे रोज दिसते. ‘अनएबल’ येतो, पण नाम करताना ‘इनॅबिलिटी’ होते, ‘अन’चे ‘इन’ होते, हे कोणी सांगितलेले नसते. अनजस्ट आणि इनजस्टिस, अनईक्वल आणि इनईक्वॅलिटी, सगळीकडे तेच. ‘अन’ हा घरचा उपसर्ग, ‘इन’ लॅटिनमधला, आणि लॅटिन प्रत्यय लागलेल्या नामांना लॅटिन उपसर्ग जवळचा वाटतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण अशक्य म्हणतो, बेशक्य म्हणत नाही. बेशरम म्हणतो, अशरम म्हणत नाही. संस्कृत शब्दाला ‘अ’ आणि फारसी शब्दाला ‘बे’ ही निवड आपण न चुकता करतो.

आता पद्धतीच्या मर्यादांकडे येऊ. त्या समजून घ्यायला आपल्याच शब्दशास्त्रातली एक विभागणी फार कामाची आहे. शब्द यौगिक असतो, रूढ असतो किंवा योगरूढ असतो. पाचक हा यौगिक, पचवणारा तो पाचक, अवयवांतून अर्थ पुरता निघतो. रूढ शब्दाचा अर्थ अवयवांतून काढताच येत नाही. पंकज योगरूढ. चिखलात जन्मणारे ते पंकज हे खरे, पण चिखलात किडेही जन्मतात आणि त्यांना कोणी पंकज म्हणत नाही. अवयवांनी दिशा दाखवली, नेमका अर्थ रूढीने ठरवला.

इंग्रजी शब्द या तीन कप्प्यांत टाकून पाहावेत. अनब्रेकेबल, प्रीपेड, मिसप्रिंट हे यौगिक. इथे पद्धत पुरी चालते. अंडरस्टँड रूढ. ‘खाली उभे राहणे’ यातून ‘समजणे’ कधीच निघणार नाही. आणि मधला भलामोठा कप्पा योगरूढ शब्दांचा. ऑटोमोबाइल म्हणजे आपोआप चालणारे, पण त्या शब्दाने मोटारच कळते. विदर्भात तर नुसते ऑटो म्हटले की रिक्षा. वरच्या थरातले बहुसंख्य शब्द याच कप्प्यात पडतात. सर्कमस्पेक्ट म्हणजे सभोवार पाहणारा, इतके धातूवरून कळते. तसे सावध माणसाला म्हणतात, चौकस माणसाला नव्हे, हे वाचनातूनच कळते.

शिवाय अर्थ सरकत जातात. एग्रीजस म्हणजे कळपाबाहेरचा. एके काळी ती स्तुती होती, आज ‘एग्रीजस’ चूक म्हणजे घोडचूक. डेसिमेट ही रोमन सैन्यातली शिक्षा होती, दर दहावा सैनिक मारायचा. आज त्याचा अर्थ मोठा संहार, दहाव्या हिश्शाचा हिशेब त्यात उरलेला नाही. गायी शोधण्याच्या शब्दातून आपली गवेषणा निघाली, तिथेही गायी मागे राहिल्या. अशा शब्दांत धातूचा उपयोग अर्थ ओळखायला होत नाही. अर्थ कळल्यावर तो लक्षात ठेवायला मात्र उत्तम होतो. क्रम उलटा लागतो म्हणालो तो याच ठिकाणी. आपल्याकडे धातूवरून अर्थ ‘काढायला’ शिकवतात. अर्थ आधी वाक्यातून किंवा कोशातून घ्यावा आणि मग धातूने त्याला खुंटी मारावी.

अर्थ आधी न पाहता धातूवरून अंदाज बांधला तर काय होते, ते हैफा विद्यापीठातल्या बात्या लाउफर यांनी नोंदवले आहे. काही शब्द पारदर्शक दिसतात आणि फसवतात. शॉर्टकमिंग्ज म्हणजे ‘थोड्या वेळाची भेट’ आणि इन्फॅलिबल म्हणजे ‘न पडणारा’ असे अर्थ विद्यार्थी लावतात. दुसऱ्यातला धातू ‘फॉल’ नव्हेच, तो फसणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. वाईट असे की मुलाला आपण चुकलो हे कळत नाही, तो खात्रीने पुढे वाचत जातो.

आपल्या आसपासचे दोन सापळे सांगतो. पेट्रोलच्या टँकरवर मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. इनक्रेडिबल म्हणजे अविश्वसनीय हे शिकलेला मुलगा इन्फ्लेमेबलचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावील आणि हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. तिथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. हा घोळ टाळायला अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या लोकांनी ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. दुसरा सापळा प्राथमिक आरोग्य केंद्रातला. ‘एएनसी’ म्हणजे अँटीनेटल केअर, गरोदर बाईची प्रसूतीपूर्व तपासणी. हा ‘अँटी’ अँटीबायोटिकमधला विरोधाचा नव्हे, स्पेलिंग वेगळे आहे आणि अर्थ ‘पूर्वी’ असा आहे. उच्चारावर विसंबले तर जन्माची तयारी जन्माचा विरोध होऊन बसते. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन पाय आणि पेडियाट्रिशियनमधला ग्रीक मूल, हेही त्याच जातीचे. धातू शिकताना स्पेलिंग डोळ्यांपुढे हवेच.

विद्यार्थी सर्वांत जास्त कंटाळतात ते रूपे बदलणाऱ्या उपसर्गांना. ‘इन’चा इल्लीगलमध्ये ‘इल’ होतो, इम्पॉसिबलमध्ये ‘इम’, इर्रेग्युलरमध्ये ‘इर’. पुस्तके यांचे चार वेगळे उपसर्ग करून चार ओळी छापतात. ज्याने शाळेत उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन, जगत् अधिक नाथ जगन्नाथ असे संधी सोडवले आहेत, त्याला एका वाक्यात हे सांगता येते : पुढच्या व्यंजनासारखे होण्याची ओढ तिकडेही आहे. धातूच्या आतला स्वर बदलतो तेही तसेच. कॅप्चर, रिसीव्ह आणि पार्टिसिपेट यांत एकच धातू आहे हे ऐकून मूल दचकते. पण कृ धातूची कर्म, कार्य, कृती आणि संस्कार ही रूपे त्याने पाहिलेली असतात.

इथून मी सुरुवातीला म्हटलेल्या भांडवलाकडे येतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेतून फुटल्या असाव्यात असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले. पुढच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिबदलाचे नियम शोधून ते पक्के केले. त्यामुळे इंग्रजीतले कितीतरी उपसर्ग आपल्या उपसर्गांचे सख्खे भाऊ आहेत. परि हा ग्रीकमध्ये पेरि, आणि मिती ज्या धातूची त्याच कुळातला मीटर. म्हणजे परिमिती आणि पेरिमीटर हे गणिताच्या तासाला भेटणारे शब्द दोन्ही अंगांनी एकच आहेत. दुस् तिकडे डिस्लेक्सियात आहे, नकाराचा अन् अनीमियात आणि अनार्कीत, अंतर् इंटरनॅशनलमध्ये. उपरि आणि हायपर एकाच मुळाचे, उप आणि हायपो एकाच मुळाचे. थायरॉइडच्या रिपोर्टवर हायपर की हायपो यात ज्यांचा गोंधळ होतो, त्यांनी वरचा उपरि आणि खालचा उप आठवावा.

धातूंचे तर विचारूच नये. ज्ञा तिकडे डायग्नोसिसमध्ये, इग्नोरन्समध्ये आणि अग्नॉस्टिकमध्ये आहे. अग्नॉस्टिक मताला आपण अज्ञेयवाद म्हणतो, त्यातला नकार आणि धातू दोन्ही त्याच घरचे. पूर्ण आणि कम्प्लीटमधला ‘प्लीट’ एका धातूचे, आणि त्याला इकडे सम्, तिकडे कॉम असा ‘एकत्र’ अर्थाचा उपसर्ग लागून संपूर्ण आणि कम्प्लीट झाले. मघाचा ‘व्हर्ट’ म्हणजे आपला वृत् धातू. प्रवृत्ती, निवृत्ती, परावृत्त यांत तोच आहे. आपण पुस्तकाची आवृत्ती म्हणतो आणि ॲपचे व्हर्जन म्हणतो, या दोन शब्दांत हाच धातू वळून वळून आला आहे. अमेरिकेतल्या मुलाला लॅटिन धातू परका म्हणून शिकावा लागतो. मराठी मुलाच्या तोंडात तो आधीपासून असतो.

यात एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते. ध्वनी सारखा वाटला म्हणून नाते जुळत नाही. ‘डे’ आणि दिवस यांचा काही संबंध नाही. व्हॅटिकनला वाटिका ठरवणाऱ्या व्युत्पत्त्या ऐकायला सुखद असतात, पण त्यांनी विद्यार्थ्याचे नुकसान होते, कारण त्याला कशावरही विश्वास ठेवायची सवय लागते. जोडी सांगण्याआधी चांगल्या कोशात व्युत्पत्ती पाहावी. अमेरिकन हेरिटेज कोशाला जोडलेली मूळ इंडो-युरोपीय धातूंची पुरवणी यासाठी उत्तम आहे.

परीक्षांचे चित्र बदलले आहे, तेही नोंदवले पाहिजे. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्याचे प्रश्न ऑगस्ट २०११ पासून गेले. सॅटमधून दुर्मीळ शब्दांची वाक्यपूर्ती मार्च २०१६ पासून गेली. तिथे आता उताऱ्यातला शब्द विचारतात, म्हणजे योगरूढातली रूढी विचारतात. आपल्याकडे स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ अजून आहेत. या शेवटच्या प्रकाराला धातूंची तयारी सर्वांत जास्त उपयोगी पडते. वैद्यकीय शाखेत तर ती अपरिहार्यच. अमेरिकेतल्या स्पेलिंग बीमध्ये स्पर्धकाला शब्द कोणत्या भाषेतून आला हे विचारायची मुभा असते, कारण त्यावर स्पेलिंग ठरते. तिथे वर्षानुवर्षे चमकणारी भारतीय वंशाची मुले धातूंचा अभ्यास करून उतरतात.

स्वतः शिकणाऱ्याला माझा सल्ला असा. आधी प्रत्यय घ्यावेत, कारण शब्द नाम आहे की विशेषण हे त्यांवरून कळते आणि ते फारसे फसवत नाहीत. मग वरचे चार उपसर्ग, मग सोळा. धातूंची यादी समोर ठेवून बसू नये. वाचताना नवा शब्द भेटला, कोशात अर्थ पाहिला, की त्याच धातूचा ओळखीचा एक शब्द शोधावा आणि दोघांना जोडणारे छोटे वाक्य मराठीत लिहावे. पोर्टेबल भेटला तर ट्रान्सपोर्ट आठवावा, तो दर ट्रकवर रंगवलेला असतो. वेलिंग्टनचे पॉल नेशन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओळखीच्या शब्दाला जोडण्याच्या याच रीतीवर भर दिला आहे.

शाळेत याहून सोपे आहे. मराठीच्या पुस्तकात उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द असतात, इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उपसर्ग-प्रत्यय लावायला सांगतात, आणि हे दोन तास बहुतेक शाळांत एकाच वर्गाला, एकाच दिवशी होतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून चालते. तरी दोन्ही भाषांचे शिक्षक एकमेकांच्या फळ्यावर काय आहे ते पाहत नाहीत. दोघांनी मिळून वर्षभरात आठ-दहा जोड्या घेतल्या तरी खूप झाले. परि, अन्, दुस्, अंतर्, उप हे पाच उपसर्ग, आणि धातूंत ज्ञा, वृत्, स्था. नववीच्या वर्गात पहिल्या सत्रात हे सहज बसते.